मेण थिजवणारं पाणी

केसानं गळा कापला, असं लोक सहज म्हणून जातात. कापणारा तो केस आधी तुमच्याच घरच्या तेलात चोपडून घेतो, हे मात्र कोणी सांगत नाही. मला ते कळायला एक अख्खा उन्हाळा जाऊन दुसरा यावा लागला, आणि तेवढ्यात माझ्या अक्काच्या अंगणवाडीतली एक पोर मरता मरता वाचली. त्याला आता बराच काळ लोटला, तरी माझा राग जात नाही. जाऊही नये असं मला वाटतं.

तो धुळ्याचा. नाव घेत नाही, घेतलं की आईचं तोंड उतरतं. जळगावच्या एका कॉलेजात आम्ही दोघं एकाच सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. विषय एकच होता, मेणाच्या कॅप्सूलचा. मेण वितळताना भरपूर उष्णता पिऊन घेतं आणि स्वतः फारसं तापत नाही. पुन्हा थिजताना ती उष्णता सोडून देतं. म्हणजे दिवसा छपरावरचं ऊन मेणानं प्यायचं आणि रात्री बाहेर टाकायचं, खाली खोलीत माणसाला ते लागूच द्यायचं नाही, अशी सगळी कल्पना. आमच्याकडे एप्रिल-मेत भुसावळ-जळगावचं तापमान टीव्हीवर सांगतात तेव्हा पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून जिवंत आहात का विचारतात. हा विषय आम्ही नाही घ्यायचा तर कोणी घ्यायचा?

पण नुसतं मेण छपरात घातलं तर वितळून गळणार. म्हणून त्याचे डोळ्याला न दिसणारे थेंब करायचे आणि प्रत्येक थेंबाभोवती पॉलिमरचं कवच धरवायचं. हे माझं काम. गरम पाण्यात मेण टाकून साबणासारखं एक रसायन घालायचं आणि दह्याच्या बापाला घुसळलं नसेल इतकं घुसळायचं. मध्येच लाइट गेली की सगळ्याचा एक गोळा. लाइट किती वेळा गेली ते विचारू नका. एकदा तर मी तो गोळा भिंतीवर फेकून मारला होता. साधं कवच थोड्याच दिवसांत तडकायचं आणि मेण पाझरायचं. मग मी त्या पॉलिमरच्या साखळ्यांना आडवे टाके घातले, गोधडीला घालतो तसे, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडणारं आणखी एक रसायन त्यात मिसळलं. तेव्हा कुठं कवच धरलं. मैद्यासारखी पांढरी पूड हातात आली. ती तापवायची, गार करायची, परत तापवायची आणि टिपकागदावर दाबून बघायची. कागदावर तेलकट डाग उठला नाही त्या दिवशी मी कॉलेजच्या कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

उष्णतेची मापं घेणं हे त्याचं काम. छपरात तारा पुरायच्या, यंत्राला जोडायच्या आणि आकडे काढायचे. ज्याचं काम त्यानं करावं. मी त्याच्या आकड्यांत नाक खुपसलं नाही, त्यानं माझ्या भांड्यांत.

तो आमच्या घरी पहिल्यांदा आला ती दुपार मला आठवते. दारात उभा राहून त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. आत बघून म्हणाला, "मावशी, पानी दे वं, ऊन गैरं शे!"

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आईचं माहेर अमळनेरकडचं. लग्न होऊन जळगावात आल्यावर तिनं अहिराणी गुंडाळून पेटीत ठेवली होती. वडील शुद्ध बोलणारे, कॉलनी नोकरदारांची, आणि आम्ही दोघी पोरी शाळेत जायला लागल्यावर तर आईची बोली फक्त मामा आला की ऐकू यायची. वडील गेले, मामाही गेला. मग ती बोलणार कोणाशी? आणि हा दारात उभा!

"तू आमनाकडला शे का रे?" आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून तो आमच्या घरचा झाला.

भरताची वांगी आली की मोठं वांगं त्याच्यासाठी बाजूला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा, वर कच्चं तेल. तो मांडी ठोकून बसायचा आणि म्हणायचा, "मावशी, बठ्ठं संपाडी टाकसू हां, मंग म्हनशी सांगं नही." सगळं संपवीन म्हणाला की आई हसून हसून लाल. मी तिला चिडवायचे, "पोटच्या पोरीला कधी इतकं वाढलं नाहीस." ती म्हणायची, "तू बोलतेस का माझ्याशी माझ्या भाषेत?"

खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात. यानं वासे नाही, आमच्या घराची गच्चीच मोजली. म्हणजे अक्षरशः. आमच्या मागच्या बाजूला एकाला लागून एक दोन खोल्या आहेत, एकाच मापाच्या, एकाच उन्हात तापणाऱ्या. तोच म्हणाला, प्रयोगशाळेतल्या डब्यावर किती दिवस खेळायचं, खऱ्या स्लॅबवर बघू. एका खोलीच्या वर माझी पूड मिसळलेला गिलावा, दुसरीच्या वर साधा. दोन्हीवर सारखाच पांढरा रंग. मधे विटांची एक ओळ. घरात त्या दोन भागांना नावं पडली, माझी बाजू आणि साधी बाजू.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. चैत्र लागला की खान्देशात सूर्य कलल्यावर बायका गच्चीवर पाणी मारतात. बादल्या, पाइप, जे असेल ते. स्लॅब चर्रर्र करतो, वाफ येते, मातीचा वास सुटतो, आणि मग अंथरुणं पडतात. हे आमच्या हाडात आहे, कोणाला सांगावं लागत नाही. म्हणून मी आईला हात जोडून सांगितलं होतं, की यंदा मागच्या गच्चीवर एक थेंब पाणी नको. पाण्यानं स्लॅब आपोआप गार होणार, मग मेणानं काय केलं आणि पाण्यानं काय केलं ते कळायचं कसं? आई म्हणाली, "बरं बाई. तुझ्या गच्चीचा निर्जळी उपास." माझे संध्याकाळी अकरावी-बारावीचे क्लास असायचे, घरी यायला अंधार व्हायचा. आकडे उतरवायला तो संध्याकाळी यायचा आणि जेवून जायचा.

तो उन्हाळा, काय सांगू! माझ्या बाजूची खोली भर दुपारी अशी गार राहायला लागली की शेजारच्या बायका गहू निवडायला तिथं येऊन बसायच्या. साध्या बाजूच्या खोलीत पाय ठेववत नव्हता. मी सगळ्यांना दोन्ही खोल्यांतून फिरवून आणायचे. त्याचे आकडेही तेच सांगत होते. रोज पहाटेपर्यंत मेण पूर्ण थिजलेलं, सकाळी पुन्हा उष्णता प्यायला तयार. सर खूश. आमचा पेपर पुढं चांगल्या ठिकाणी छापून आला. कवच माझं, उष्णता त्याची.

त्याच उन्हाळ्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्का माहेरी आली. माझी थोरली बहीण, बोदवडजवळच्या एका खेड्यात दिलेली, तिथल्या अंगणवाडीत सेविका. जेवून ती माझ्या बाजूच्या खोलीत आडवी झाली ती थेट चहाला उठली, गालावर चटईचे वळ घेऊन. उठल्यावर काही वेळ ती वर छताकडे बघत बसली. रात्री सगळे जेवायला बसल्यावर म्हणाली, "माझ्या पोरांना असं छप्पर दे गं. तिथं होळी झाली की लेकरं माना टाकतात. मी अकराच्या आत सोडून देते, पण घरी तरी काय, आया शेतात. तिथंच धुळीत खेळतात. खोली गार राहिली तर मी त्यांना जेवू घालून झोपवीन, आया येईपर्यंत."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो जेवत होता.

"करू ना अक्का," तो म्हणाला. "करूनच टाकू."

घास हातात धरून म्हणाला हो तो. हे मी विसरणार नाही.

थंडीत आम्ही गेलो. अंगणवाडीची एकच खोली, वर स्लॅब, आणि स्लॅबवर कपाशीच्या काड्यांचा, पऱ्हाट्यांचा हा एवढा ढीग. शेजारणीच्या चुलीचं जळण होतं ते. तिच्याकडे जागा नव्हती म्हणून अक्कानंच ठेवू दिलं होतं, त्यानं खोलीला सावलीही व्हायची. गिलावा द्यायचा तर ते हलवायला हवं होतं. शेजारीण काही खुशीत नव्हती. पण तिची धाकटी पोर अक्काच्या कडेवरून उतरायची नाही, अक्काच्या हातचंच खायची. अक्का तिला म्हणाली, "माझी बहीण डॉक्टर होणार आहे याच्यात. तुझ्या लेकीसाठीच चाललंय सगळं. माझा शब्द धर." तिनं धरला. दिवसभर त्या बाईनं डोक्यावरून पऱ्हाट्या उतरवून नेल्या.

गिलावा झाला. तो त्या दिवशी नेहमीपेक्षा गप्प होता. मला वाटलं, थकला असेल. अंगणवाडीतली पोरं गोळा करून त्यानं छपराखाली फोटो काढले. मग अक्कानं त्याला विचारलं, "उन्हाळ्यात यावर संध्याकाळी पाणी मारत जाऊ का रे? इथं टँकर येतो, पण पोरांसाठी मी दोन हंडे वाचवीन कसे तरी."

मी शेजारीच उभी होते. तो हसून म्हणाला, "नाही अक्का, कशाला? सुरुवातीला गिलावा वाळेपर्यंत मारलं तेवढं पुरे. बिनपाण्याचं गार, हीच तर याची गंमत आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला गुजरातेत एका रंगाच्या कंपनीत नोकरी लागली. घरांवर द्यायचे गार राहणारे रंग करायचं काम. आमच्या पेपरवरच लागली. आईनं त्याला कुरडया, पापड, बिबड्या बांधून दिल्या आणि स्टेशनवर जाऊ शकली नाही म्हणून रडली.

होळी झाली, ऊन चढलं. अक्काचा फोन आला, "अगं, खोली तापतेय." मी म्हटलं, "असं कसं होईल? आपल्या घरी बघ." आपल्या घरी माझ्या बाजूची खोली गारच होती की! मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "नवीन आहे, सेटल होऊ दे." अक्काला मी तेच सांगितलं. अक्का म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता म्हणजे होईल." आणि तिनं पोरांना पूर्वीसारखं अकराच्या आत सोडलं नाही. छप्पर आहे ना, म्हणून जेवू घालून झोपवत राहिली. त्याच छपरावर तिचा सगळा भरवसा होता.

मग एका दुपारी शेजारणीची ती धाकटी चटईवरून उठेचना. अक्का सांगते, अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही, डोळे वर. अक्कानं तिला खांद्यावर टाकलं आणि अनवाणी डांबरी रस्त्यावर धावत सुटली. रिक्षा मिळाली, बोदवडचा दवाखाना, तिथून जळगाव. मी धावत गेले तेव्हा अक्का दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. पायांच्या तळव्यांना फोड आले होते. पोरीला सलाइन लावली होती. पोरीची आई आत होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

डॉक्टर म्हणाले, पोर वाचेल. त्या दिवशी मी क्लास घेतला नाही. सरळ घरी आले, दिवेलागणीच्या आधी. डोक्यात एकच, तोच गिलावा, तीच पूड, माझंच कवच. इथं चालतं आणि तिथं का नाही? मागच्या जिन्यानं वर गेले.

आई पाइप धरून उभी होती. पाणी मारत होती. माझ्या बाजूवर. फक्त माझ्या बाजूवर. विटांची ओळ आली की पाइप मागे घेत होती, पलीकडं थेंब जाऊ नये म्हणून जपत होती.

"आई!"

ती दचकली. चोरी पकडली गेलेल्या लहान पोरीसारखा तिचा चेहरा झाला.

"कधीपासून मारतेस?"

"पहिल्यापासून," ती म्हणाली. मग घाबरली की तिच्या तोंडी माहेरची बोली येते तशी आली. "तो म्हने, मावशी, तुन्ही पोरन्या बाजूवर दर उन्हाळामा रोज पानी मारत जाय. नवं काम शे, पानी नही मिळनं तं तडकी जाई, तिन्ही बठ्ठी मेहनत वाया जाई. तुले सांगू नको म्हने, तू चिडशी. माले काय ठाव, बेटा? मी म्हनं गिलाव्याले पानी लागसच."

नवीन गिलाव्याला पाणी लागतंच. खान्देशातली कुठली बाई याला नाही म्हणेल? त्यानं बरोब्बर तेच पकडलं. शिवाय तिच्याच बोलीत सांगितलं. संध्याकाळच्या पाण्यानं स्लॅब गार व्हायचा, म्हणून मेण रात्री थिजायचं. पाणी नसतं तर आमच्या रात्री इतक्या तापलेल्या की मेण एकदा वितळलं ते वितळलेलंच. मेमध्ये घरातलं तूप थिजतं का कधी? मग वितळलेलं मेण दुसऱ्या दिवशी काय डोंबल ऊन पिणार! अक्काच्या छपरावर माझी कॅप्सूल नुसती भरलेल्या पोटानं पडून होती. कवच फुटलं नव्हतं, एक थेंब पाझरला नव्हता. माझं काम चोख होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. साध्या बाजूवर पाणी मारू नको, असंही त्यानं आईला बजावून ठेवलं होतं. यात चूक नव्हती, हे ठरवून केलेलं होतं.

मी आईवर ओरडले. "तू मला शब्द दिला होतास!" ती पाइप सोडून खाली बसली. पाणी वाहत राहिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला काय बोलणार मी? माझ्या सख्ख्या आईनं माझ्यापेक्षा त्याचं ऐकलं, ते माझ्यासाठी म्हणून ऐकलं. हे दुखणं वेगळंच असतं. त्याच्यावर चिडता येतं, तिच्यावर नीट चिडताही येत नव्हतं.

त्याला फोन लावला. मी सगळं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोरगी बरी आहे ना आता?"

"तू पाणी मारायला लावलंस का नाही, ते बोल."

"अगं, कॅप्सूल चांगलीच आहे. आपल्याकडच्या रात्री खराब आहेत, त्याला मी काय करू? पहिल्या आठवड्यातच मला दिसलं, मेण थिजत नाही. तुला सांगितलं असतं तर तू सगळं पहिल्यापासून सुरू केलं असतंस. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. आणि खान्देशात गच्चीवर पाणी कोण मारत नाही? मला वाटलं, अक्का मारतीलच."

"ती तुला विचारत होती! तू नको म्हणालास तिला!"

तो हळूच म्हणाला, "तू शेजारी उभी होतीस ना. तुझ्यासमोर काय सांगणार?"

मेल्या! म्हणजे माझ्यासमोर लाज वाटली म्हणून त्यानं लेकरांना उन्हात टाकलं. मी म्हटलं, पेपर मागे घ्यायला मी आजच लिहिते. तो म्हणाला, "तुझंही नाव जाईल. डॉक्टरेटही." मी म्हटलं, "जाऊ दे." सरांनीही मला दोनदा बोलावून समजावलं, की कवचाचं काम तर खरं आहे, कशाला आपल्याच हातानं पायावर धोंडा. मी लिहिलं ते लिहिलंच.

पोर घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्काकडे गेले. तिला रात्रीच फोनवर सगळं सांगितलं होतं, पाण्यासकट. अंगणवाडीसमोर बायका जमल्या होत्या. कोणी शिव्या देत नव्हतं, तेच जड जात होतं. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुमच्या बहिणीच्या परीक्षेसाठी आमची लेकरं घेतली का तुम्ही?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्का बोलली. "तिची चूक नाही. तिनं मला सांगितलं होतं, रोज संध्याकाळी छपरावर पाणी मार. मीच मारलं नाही. टँकरचं पाणी, मी कंटाळा केला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अक्का माझ्याकडे बघत नव्हती. पदर खोचून सरळ उभी होती. सगळ्या गावात जिचा शब्द चालायचा, ती बाई माझ्यासाठी भर सकाळी खोटं बोलत होती.

"खोटं आहे ते," मी म्हटलं. "पाण्याचं मलाच आत्ता कळलंय. तिनं तर स्वतःहून विचारलं होतं, त्यानं नको सांगितलं. माझ्याबरोबर जो आला होता त्यानं. त्यानं आम्हाला फसवलं. मला, माझ्या आईला, अक्काला, सगळ्यांना."

मग मागून पोरीची आई पुढं आली. दवाखान्यात जागून तिचे डोळे सुजले होते. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"फसले असाल तुम्ही," ती म्हणाली. "पन ऊन तं माह्या पोरीले लागलं."

आणि ती गेली. तिच्यामागं एकेक करत बाकीच्या गेल्या.

अक्कानं खोली झाडली. चटया अंथरल्या. रोजची खिचडी शिजवली. आम्ही दोघी दारात बसलो. गल्लीतून पोरांचे आवाज येत होते, पण एकही पोर आलं नाही. खिचडी गार व्हायला लागली तशी अक्का उठली. पातेल्यावर झाकण ठेवलं, पातेलं कमरेवर घेतलं आणि शेजारणीच्या दाराकडे निघाली. मी मागं मागं.

दार उघडंच होतं. ती धाकटी आत बाजेवर बसलेली. अक्का दिसताच "बाई!" म्हणून तिनं उडी टाकली आणि दोन्ही हात वर करून धावत आली. उंबऱ्यावर तिच्या आईनं तिला दंडाला धरलं आणि मागं ओढलं. पोर रडायला लागली. आईनं दार लोटून घेतलं. आतून तिचं रडणं येत राहिलं, "बाईकडे जायचंय, बाईकडे."

अक्कानं पातेलं ओट्यावर ठेवलं. झाकण नीट बसवलं. परत अंगणवाडीच्या दारात आल्यावर म्हणाली, "दुपारची गाडी आहे तुला."

"मी थांबते ना, अक्का. चार दिवस थांबते."

"नको." ती चटया गुंडाळायला लागली. "आयुष्यात पहिल्यांदा मी या बायकांसमोर खोटं बोलले. तुझ्यासाठी बोलले. तेही तू राहू दिलं नाहीस."

"अक्का, ते खरं सांगायला नको होतं का?"

"हवं होतं," ती म्हणाली. "तू बरोबरच केलंस. पण मला इथंच राहायचंय, आणि तू दिसलीस की त्यांना ते छप्पर आठवेल. मलाही आठवेल. काही दिवस येऊ नको."

मी पिशवी उचलली आणि फाट्याकडे चालायला लागले.